वैशाखातली लितानी आणि उंबराचे पाणी

ईस्टरचा सण आटोपला, की वसईच्या पश्चिम पट्टीतील धर्मग्रामांचे जीवन चर्चच्या आवारातून बाहेर पडते आणि पाऊस सुरू होईपर्यंत वाडीवाडीत, क्रूसांभोवती, मांडवांत आणि समुद्रकाठच्या खळ्यांवर नांदत राहते. सांडोर, पापडी, रमेदी, माणिकपूर, मर्सेस, गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास, नंदाखाल, उमराळे, आगाशी, अर्नाळा ही नावे घेतली म्हणजे आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील हे मी सांगावयास नको. या दोन-अडीच महिन्यांच्या जीवनाला एक इतिहास आहे, आणि तो आपण घरोघरी सांगतो त्याहून बराच वेगळा आहे.

हा लेख लिहिण्यास एक निमित्त झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम-मंडळाच्या बैठकीत मे महिन्यातील क्रूसाच्या लितानीचा विषय निघाला. एका शिकलेल्या, मनाने चांगल्या तरुणाने सूचना मांडली, की दर संध्याकाळी वेगवेगळ्या क्रूसापाशी जमण्याचा खटाटोप पुरे झाला. हे सारे पोर्तुगीजांच्या वेळचे आहे. यापुढे सभागृहात ध्वनिक्षेपक लावून एकत्र प्रार्थना करावी. त्यावर एक वयस्क गृहस्थ उसळून म्हणाले, ‘पोर्तुगीजांपासून चालत आले आहे, म्हणूनच तर मोडता कामा नये!’ दोघेही बराच वेळ भांडले. माझ्या ध्यानात आले, की दोघांचे निष्कर्ष विरुद्ध असले तरी दोघांचा पाया एकच आहे, आणि तो पायाच कच्चा आहे. ‘पुढील बैठकीत सविस्तर सांगतो,’ असे मी म्हणालो. पुढील बैठकीत वाहनतळाचा विषय आला आणि माझे सांगणे राहूनच गेले. ते आज सांगतो.

आरंभ एका उन्हाळ्यापासूनच केला पाहिजे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहाने वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली आणि त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे हा मुलूख त्यांच्या अंमलाखाली होता. तो अंमल संपला १७३९ च्या उन्हाळ्यात. चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईच्या किल्ल्याभोवतीचा वेढा आवळला तेव्हा प्रायश्चित्तकाळ चालू होता. १६ मे १७३९ रोजी तह झाला आणि २३ मे रोजी पोर्तुगीज किल्ला सोडून निघाले. सेमिनरीत असताना आम्हांला ईस्टरची तारीख गणिताने काढावयास शिकविले होते. त्या विद्येचा उपयोग फारसा होत नाही, पण मी १७३९ साल मांडून पाहिले. त्या वर्षी ईस्टर २९ मार्चला होता. म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, पेंटेकॉस्ट, आला १७ मे रोजी. तह झाला तो सणाच्या आदल्या दिवशी. तोफांनी तट खिळखिळे झालेल्या त्या शहरात दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली असेल, तर धर्मगुरूच्या अंगावर लाल वस्त्रे असली पाहिजेत. त्याच्या आठवड्यानंतर, परमपवित्र त्रैक्याच्या रविवारच्या आदल्या दिवशी, गोरे धर्मगुरू, सरदार आणि त्यांची कुटुंबे गलबतांत बसली.

गलबतांत कोण बसले नाही, हा प्रश्न आपण इतिहास वाचताना विचारत नाही. बागायतीत काम करणारा, रहाट हाकणारा, जाळे विणणारा ख्रिस्ती माणूस मागेच राहिला. तो जाणार तरी कोठे? त्याची केळीची बाग इथे, विहीर इथे, होडी इथे. तहात ख्रिस्ती लोकांना आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली होती, हे मराठ्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. किल्ल्यातील भव्य मंदिरे ओस पडली. वसईच्या मोहिमेतून गेलेल्या घंटांपैकी एक आजही नाशिकच्या नारोशंकर मंदिरात टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. इकडे गावांतील चर्चेस मात्र गोव्याहून येणाऱ्या देशी धर्मगुरूंच्या आधाराने आणि त्याहूनही अधिक गावकऱ्यांच्या चिकाटीने उभी राहिली. जून महिना तोंडावर आला होता. घरे शाकारणे आणि भाताचे रोप करणे ही कामे राज्य बदलले म्हणून थांबत नाहीत. पुढे १८८६ मध्ये ही गावे दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये तो धर्मप्रांत विसर्जित झाल्यावर मुंबईच्या महाधर्मप्रांतात आली, आणि २२ मे १९९८ रोजी वसईला स्वतःचा धर्मप्रांत लाभला. पोर्तुगीजांनी किल्ला सोडला त्याला २५९ वर्षे पुरी होण्यास त्या दिवशी एकच दिवस उणा होता. हा निव्वळ योगायोग, पण मला तो गोड वाटतो.

आता लितानीकडे वळू. मे महिना पवित्र मारियेला वाहण्याची प्रथा आपण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, की ती प्रेषितांच्या काळापासूनची असावी असे वाटते. वस्तुतः ती बरीच अलीकडची आहे. १७२५ साली इटलीतील व्हेरोना येथे आनिबाले दिओनिसी या येशूसंघीय धर्मगुरूंनी ‘मारियेचा महिना’ या विषयावर एक पुस्तिका काढली. चर्चमध्ये नव्हे, तर घरात आणि कामाच्या ठिकाणी मारियेची प्रतिमा मांडून, फुले वाहून कुटुंबाने रोज प्रार्थना करावी, अशी तिच्यातील योजना होती. १८१५ मध्ये पोप पायस सातवे यांनी या भक्तीला दंडमाफीची जोड दिली आणि मग ती युरोपभर व युरोपाबाहेर फैलावली. पोप पॉल सहावे यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये ‘मेन्से माइओ’ हे परिपत्रक काढले, ते याच महिन्याविषयी.

या तारखा वसईच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहाव्यात. १७२५ साली ही भक्ती एका इटालियन शहरापुरती होती आणि १७३९ साली पोर्तुगीज वसईतून गेले. तेव्हा मे महिन्याची भक्ती पोर्तुगीजांनी आपल्या गळ्यात बांधली, हे म्हणणे टिकत नाही. ती आली तेव्हा इथे पोर्तुगीज सत्ता नव्हती, कोणाचे फर्मान नव्हते, दंड नव्हता. आपल्या पूर्वजांनी ती आपखुशीने घेतली, कारण ती इथल्या ऋतूत फिट्ट बसली. युरोपात मे म्हणजे वसंत, थंडी सरल्यावर उमलणारी पहिली फुले. आपल्याकडे मे म्हणजे वैशाखवणवा. पण याच महिन्यात वसईचा मोगरा भरात असतो. पहाटे कंदील घेऊन कळ्या खुडावयाच्या, टोपल्या बांधून गाडीने दादरला पाठवावयाच्या आणि ओंजळभर कळ्या संध्याकाळच्या लितानीसाठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावयाच्या, हा क्रम मी माझ्या घरी पाहिला आहे. युरोपातून आलेल्या एका कल्पनेला वसईच्या वाडीने स्वतःची फुले दिली.

लितानीचे शब्द मात्र जुने आहेत. लोरेतोच्या लितानीला पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये मान्यता दिली. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० नंतरच्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेमुळे प्रार्थना मराठीत आल्या होत्या. तरीही आमच्या वाडीतील वृद्ध स्त्रिया ती लितानी लॅटिनमध्ये अथपासून इतिपर्यंत म्हणत. त्यांना अक्षरओळख नव्हती. पुढे सेमिनरीत लॅटिन शिकताना लक्षात आले, की त्यांचे उच्चार काही ठिकाणी झिजलेले होते, पण एकही बिरुद गाळलेले नव्हते आणि क्रमही चुकलेला नव्हता. आणखी एक सांगावेसे वाटते. ही लितानी गोठलेली नाही. २०२० च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्यात तीन बिरुदांची भर घातली. त्यांपैकी एक आहे स्थलांतरितांना दिलासा देणारी, या अर्थाचे. आमच्या धर्मग्रामातील ज्या माता आखातात, कॅनडात वा जहाजावर असलेल्या मुलांसाठी क्रूसापाशी मेणबत्ती लावतात, त्यांना या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

क्रूसांची कथा याहून जुनी. ३ मे हा दिवस रोमन पंचांगात शतकानुशतके पवित्र क्रूसाच्या शोधाचा सण म्हणून पाळला जाई. सम्राट कॉन्स्टंटाइनची माता संत हेलेना हिला जेरुसलेममध्ये प्रभूचा क्रूस सापडला, त्याची ही आठवण. १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी पंचांग सुटसुटीत करताना हा सण वगळला, कारण क्रूसाच्या गौरवाचा १४ सप्टेंबरचा सण होताच. रोममध्ये तो निर्णय योग्यच होता. पण १४ सप्टेंबरला वसईत काय असते? चिखल, पाऊस आणि भाताला फुटलेली लोंब. उघड्यावरच्या क्रूसाला चुना लावावा, पताका बांधाव्यात, पोरांना बसवून चणे वाटावेत, हे मे महिन्यातच शक्य आहे. म्हणून पंचांगातून गेलेला सण वाडीतून गेला नाही. एखादा प्रमुख धर्मगुरू नियमावर बोट ठेवणारा आला तरी त्याने याकडे डोळेझाक करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हे सारे क्रूस पोर्तुगीजांनी उभारलेले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या वर्षांत मुंबईच्या आणि साष्टीच्या गावांत वेशीवेशींवर क्रूस उभे राहिले. कित्येकांच्या चौथऱ्यांवर त्या काळचे आकडे आजही वाचता येतात. ते भ्यालेल्या आणि श्रद्धेने तगून राहिलेल्या माणसांनी स्वतःच्या पैशाने बांधले. आपल्या वाडीचा क्रूस कोणत्या सालचा आहे, हे एकदा चौथऱ्यावरचा चुन्याचा थर खरवडून पाहावे. रस्तारुंदीच्या मोजणीदाराला सांगण्यास तरी ते साल उपयोगी पडेल.

पावसासाठीची प्रार्थना हा याच ऋतूचा आणखी एक धागा. पाचव्या शतकात फ्रान्समधील व्हिएन नगरीचे बिशप मामेर्तुस यांनी संकटनिवारणासाठी स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवास आणि मिरवणूक यांची प्रथा घातली. पुढे शेतातून लितानी म्हणत फिरण्याचे हे दिवस साऱ्या पश्चिमी ख्रिस्तसभेत रूढ झाले. हे दिवस ईस्टरच्या तारखेनुसार एप्रिलअखेरीपासून मे अखेरीपर्यंत कधीही येतात. युरोपातील शेतकरी त्या वेळी उभ्या पिकासाठी प्रार्थना करी. आपला शेतकरी न पेरलेल्या बियाण्यासाठी. १९६९ च्या सुधारणेनंतर हे दिवस प्रत्येक देशाच्या बिशपांच्या निर्णयावर सोपवले गेले, आणि बहुतेक ठिकाणी ते विस्मरणात गेले. मृगापूर्वी बियाण्याची टोपली वेदीपुढे ठेवून आशीर्वाद देण्याचा प्रघात मी जेथे जेथे नेमलो गेलो तेथे तेथे पुन्हा चालू केला. टोपल्या दरवर्षी कमी होतात, ही गोष्ट वेगळी.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई. यामागे हवामान आहे तसा धर्मनियमही आहे. ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५६३ मध्ये नियम केला, की आगमनकाळाच्या आरंभापासून प्रभुप्रकटीकरणाच्या सणापर्यंत आणि राखेच्या बुधवारापासून ईस्टरनंतरच्या आठवड्यापर्यंत समारंभपूर्वक लग्ने लावू नयेत. ईस्टर २२ मार्चपूर्वी येत नाही आणि २५ एप्रिलनंतर जात नाही. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला असे धरले, तर लग्नांसाठी उरतात सहा ते दहा आठवडे. जुन्या विवाह-नोंदवह्या चाळताना हा नियम डोळ्यांनी दिसतो. मार्चची पाने जवळजवळ कोरी, आणि एप्रिल-मे मध्ये शाईची दाटी. एकाच तारखेला चार-चार लग्ने, धर्मगुरूंचे अक्षर शेवटच्या नोंदीपर्यंत थकलेले. आमचे हिंदू शेजारीही चातुर्मासापूर्वी कार्ये उरकतात. त्यामुळे मांडवाचे बांबू, तांब्याची पातेली आणि वाजंत्री ही एका आळीतून दुसऱ्या आळीत, ख्रिस्ती घरातून हिंदू घरात महिनाभर फिरत असत. सामवेदी बोली बोलणारे आमचे ख्रिस्ती आणि हिंदू बांधव एकमेकांच्या लग्नातील गाणी ऐकून समजू शकतात, हे भाग्य सर्वांना लाभत नाही.

इथे मला माझ्या एका चुकीविषयी लिहिले पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात मी नवदीक्षित साहाय्यक धर्मगुरू होतो. एका घरी लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आशीर्वादासाठी गेलो. अंगणात मांडव घातला होता, उंबराची फांदी बांधली होती, बायका नवऱ्या मुलाला हळद लावीत होत्या आणि म्हाताऱ्या ओव्या गात होत्या. वाजतगाजत विहिरीवरून ‘उंबराचे पाणी’ आणण्याची तयारी चालली होती. मी पुस्तके वाचून ताजा आलेला. मी कठोर शब्दांत म्हणालो, की हे ख्रिस्ती नाही, हे थांबवा. गाणे थांबले. नवऱ्या मुलाची आजी पुढे आली आणि मला म्हणाली, ‘फादर, आम्ही मारियामायच्या नावानं पहिली ओवी गायलो. तुम्ही उशिरा आलात, म्हणून ऐकली नाहीत.’ मी आशीर्वाद देऊन घाईने निघालो. त्या घरी हळद झाली, पण पाणी आणावयास वाजंत्री गेली नाही, असे मला नंतर कळले.

याची खंत मला फार वर्षांनी, इतिहास वाचताना झाली. १७३६ च्या एप्रिलमध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. नवख्रिस्ती लोकांनी लग्नात हळद लावू नये, ओव्या गाऊ नयेत, विड्याची पाने व फुले वाटू नयेत, दाराशी तुळस ठेवू नये, अशी मनाईची लांबलचक यादी त्यात होती. त्या न्यायसभेचा अधिकार वसईपर्यंत पोहोचत असे. फर्मान निघाले आणि अवघ्या तीन वर्षांत वसईवरील पोर्तुगीजांचा अंमल संपला. त्याबरोबर त्या न्यायसभेचा हातही इथून आखडला. गोव्यात या मनाया पुढेही डोक्यावर राहिल्या. वसईच्या वाड्यांत त्या अमलात आणणारा कोणी उरला नाही. आपल्या हळदी आणि ओव्या टिकल्या त्यात हाही एक वाटा आहे, असे मी मानतो. म्हणजे उंबराचे पाणी पोर्तुगीजांपासून चालत आलेले नसून पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या नाकावर टिच्चून चालत आले आहे. आणि १७३६ मध्ये त्या न्यायसभेने जे म्हटले होते, तेच मी अडीचशेहून अधिक वर्षांनी एका अंगणात उभा राहून म्हणालो होतो! त्या आजी आता हयात नाहीत. पुढे त्यांच्या घरी मी नातीच्या लग्नास गेलो तेव्हा मुद्दाम आदल्या दिवशी दुपारीच जाऊन बसलो, परंतु ओव्या ठाऊक असलेले त्या घरात तोपर्यंत कोणी उरले नव्हते. ध्वनिफीत लावली होती.

लग्न आणि लितानी यांच्या मधल्या वेळात कष्ट असत. हा भाग चर्चच्या दप्तरात येत नाही, पण धर्मग्राम जगत असे तो यावर. बागायतीला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी पाणी दिलेच पाहिजे. बावखलावर रहाट, रहाटाला बैल किंवा रेडा, आणि बैलामागे शाळेला सुट्टी असलेले पोर. विजेचे पंप येईपर्यंत आपल्या कित्येक पिढ्यांनी उन्हाळ्याची सुट्टी या गोल फेऱ्यात घालवली. आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात वाळवीत आणि सुकेळी करीत. पानात बांधलेल्या त्या पुड्या मुंबईच्या बाजारात जात. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली, आणि तेव्हापासून वसईची केळी, पाने, फुले, भाजी आणि दूध यांना शहराचा रस्ता खुला झाला. त्याच रस्त्याने माणसेही गेली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आल्यावर तर मुंबईतील नोकरी आणि वसईतील वाडी असा दुहेरी संसार शक्य झाला. उन्हाळ्याला त्यामुळे नवी कळा आली: गिरगाव, माझगाव, वांद्रे येथे राहणारी भावंडे मे महिन्यात बोचकी घेऊन गावी येत, आणि चर्चमध्ये रविवारी बाकांवर जागा पुरत नसे.

अंगणात चटयांवर मिरच्या, धणे, हळकुंडे वाळत. मसाल्याचे पंचवीस-तीस जिन्नस एकेक करून भाजावयाचे, लाकडी उखळीत लांब मुसळांनी कांडावयाचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरावयाचे, वर्षाची बेगमी. कांडणाऱ्या बायका घरोघर बोलावल्या जात, आणि कोणाच्या घरी किती बाटल्या भरल्या यावरून त्या घरच्या ऐपतीची चर्चा होई. किनाऱ्यावर अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथे आमच्या कोळी बांधवांची घाई याहून मोठी. बोंबील जोडीने बांबूंवर टांगलेले, जवळा खळ्यावर पसरलेला. जूनमध्ये होड्या वर ओढल्या म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राकडे पाठ. ख्रिस्ती कोळीही ती पौर्णिमा ओळखतो. रात्रभर मासळी निवडलेल्या हातांनी ती माणसे संध्याकाळी जपमाळ धरीत. एका कोळीवाड्यात मी प्रार्थना लांबविली तेव्हा पुढच्या रांगेतील एक बाई माळेवर हात ठेवूनच झोपी गेली होती. तिला कोणी उठवले नाही.

मुलांना मात्र हा सारा मोसम प्रथम कम्युनियनचा. १९१० मध्ये पोप पायस दहावे यांनी समज आलेल्या सात वर्षांच्या मुलालाही ख्रिस्तशरीर द्यावे असे फर्माविले. त्यापूर्वी दहा-बारा वर्षांपर्यंत थांबावे लागे. परीक्षा संपल्यावर धर्मशिक्षणाचे वर्ग, मग पांढरे कपडे आणि छायाचित्र. हे सर्वांच्या परिचयाचे आहे.

राहता राहिले पाणी. वसईची ही पट्टी समुद्राला लागून असलेल्या रेताड जमिनीची. इथे विहिरीचे गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. पावसाचे पाणी बावखलांतून मुरते तोवर तो थर टिकतो. उपसा वाढला की खालून खारे पाणी वर येते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नव्या वसाहतींसाठी टँकर भरभरून विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने गावोगावी सभा घेतल्या. कित्येकांना तेव्हा वाटले, धर्मगुरूने वेदीपाशी राहावे, विहिरीपाशी त्याचे काय काम? मीही त्या वेळी सेमिनरीत बसून असे वाद ऐकले आहेत. १९९० मध्ये सिडको आली, २००९ मध्ये महानगरपालिका झाली, नळाने सूर्या धरणाचे पाणी आले. बावखले मात्र एकामागून एक बुजविली गेली. गेल्या मे महिन्यात एका लग्नघरी ‘उंबराचे पाणी’ आणण्याची हौस पुन्हा केली गेली. वाजंत्री होती, कलश होते, छायाचित्रकार होता. विहिरीचे पाणी तोंडात धरवेना इतके खारट. मुलीच्या मामाने पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार विहिरीच्या काठावर आणून ठेवला आणि त्यातून कलश भरले. मी तेथेच उभा होतो. या वेळी मी काही बोललो नाही.

लितानीचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. सभागृहाची सूचना मंडळाने फेटाळली नाही आणि स्वीकारलीही नाही. सोमवार ते शुक्रवार क्रूसापाशी आणि शनिवारी सभागृहात, अशी तडजोड झाली. तडजोडी मला आवडत नाहीत, पण ही चालली आहे. पोर्तुगीजांची गोष्ट काढणाऱ्या त्या तरुणाच्या वाडीतील क्रूसाचा चौथरा गेल्या वर्षी रंगकामापूर्वी खरवडला, तेव्हा त्यावर १९०३ हे साल निघाले. त्याने मला भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाठविले, सोबत एक शब्दही लिहिला नाही.

वाचकांना एक विनंती आहे. अनेक घरांत आजीच्या पेटीत हाताने लिहिलेल्या वह्या आहेत: लितानीच्या, लग्नातील ओव्यांच्या, मसाल्याच्या मापांच्याही. आपण त्या आपापल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून दाखवाव्यात. छायाप्रत काढून मूळ वही त्याच दिवशी परत दिली जाईल. ज्यांच्या घरी वही नाही पण गाणारी व्यक्ती आहे, त्यांनी फक्त निरोप द्यावा, आम्ही घरी येऊ. हे काम पावसाळ्यापूर्वी झाले तर बरे, कारण जुन्या कागदाला पहिल्या पावसात वाळवी लागते.